बैलांची अंघोळ

“आता आईबापांना दाखवू काय, गुरुजी?”

शर्वरीनं घमेलं नागनाथगुरुजींच्या पायाशी आदळलं. आत नुसता चिखल. त्यातून एकच शिंग वर आलेलं.

परदेशात बालशिक्षण शिकून ती जूनमध्ये गावी परतली आणि गुरुजींच्या बालवाडीत हौसेनं राबू लागली. उद्या घरोघरी पोळा, म्हणून आज बालवाडीत. एकवीस मुलांनी आठवडाभर खपून मातीचे बैल केले होते. चार वाजता आईबाप येणार होते. इथं पोरं नुसती खेळतात, असं त्यांचं म्हणणं. आज काही दिसलं नाही, तर ते पोरं काढून घेणार होते.

“मी तोरण बांधत होते. तेवढ्यात पोरांनी सगळे बैल हौदात घातले!”

गुरुजींनी दाराआड लपलेल्या पाच वर्षांच्या पोरीला हाक मारली.

“काय गं जिजे, बैल बुडवलास?”

“बुडवला नाय. धुतला. मानेला लई चोळलं. जू लागतं ना तिथं.”

“मग?”

“चोळता चोळता बारीक झाला... मग गेला.”

“रडलीस?”

“नाय. बरं वाटलं असंल त्याला.”

शर्वरीच्या ओठांवर आलेलं रागाचं वाक्य तिथंच थांबलं.

“काल काय शिकवलंस यांना?” गुरुजींनी तिला विचारलं.

“हेच... की वर्षभर तो आपल्यासाठी राबतो. म्हणून एक दिवस त्याला न्हाऊ घालायचं, मान चोळायची, गोड खाऊ घालायचं...”

बोलता बोलता तिची नजर घमेल्यातल्या चिखलाकडं गेली.



गुरुजी उठले. नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी त्यांनी घमेल्यापुढं ठेवली. वाकून चिखलाला हात जोडले.

मागं जिजा वाकली. मग एकेक करत सगळी पोरं, चिखलानं भरलेल्या हातांनी.

सगळ्यांत शेवटी शर्वरी. तिला लवकर उठता येईना. हे शिकायला आपण केवढ्या लांब गेलो होतो...

दारात चपला वाजल्या. जिजाचा बाप पुढं, मागं बाकीचे.

“काय बाई, आठवडाभर ऐकतोय. कुठं हायत ते बैल?”

शर्वरीनं घमेलं झाकलं नाही. तिनं गुरुजींकडं पाहिलं.

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला. जेवायला बसलेत.”