सगुणेचा गार हात

फार फार वर्षांपूर्वी, बोरखिंडीत मोटारीचा आवाजही पोचला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिथं सगुणा नावाची बाई राहायची. दोर वळून पोट भरायची, पण तिची ख्याती वेगळीच. विषबाधा झालेली कुत्री पाच-पाच कोसांवरून आपली आपण तिच्या दारी यायची, असं म्हणतात. हात लावण्याआधी ती मालकाला विचारायची, "काय खाल्लं? कधी खाल्लं?" उत्तर खरं असलं की हात ऊबदार राहायचा, खोटं असलं की दगडासारखा गार पडायचा.

तिच्या शेजारी हौसाबाई. मायेची, पण जळकी. लोक सगुणेकडं जातात याचं दुःख तिनं गिळलं असतं. पण तिचा स्वतःचा कुत्रा, कोंड्या, भाकरी हिच्याकडं खायचा आणि झोपायला सगुणेच्या उंबऱ्यावर जायचा! ते बघून हौसाबाईच्या पोटात आग पडायची.

"खाऊन पिऊन परक्याच्या दारात लोळतोस होय रं?" ती म्हणायची. कोंड्या शेपूट हलवायचा आणि चालू लागायचा.

मग तिनं एक युक्ती काढली. भावानं आणलेल्या मनुका कुटून, तूप घालून, चांगले दहा लाडू वळले. सकाळपासून एकेक चारत राहिली. त्या दिवशी कोंड्या उंबऱ्याकडं फिरकलाच नाही. हौसाबाई दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "बघ म्हणावं, घरचं ते घरचं!"

दुपारी कोंड्यानं ओकारी काढली. पाय लटपटले, डोळे फिरले. आळी गोळा झाली.

"तूप पाजा!"

"मिठाचं पाणी ओता!"

हौसाबाई ओरडली, "सगुणेनंच काहीतरी केलं! हिचीच नजर!"

सगुणा दोर टाकून धावत आली. "घशात काही ओतू नका, ठसका लागून मरंल. हौसाअक्का, काय खाल्लं यानं?"

"नेहमीचीच भाकरी."

सगुणेनं पोटावर हात ठेवला. तो गारठला. तिनं पुन्हा विचारलं. हौसाबाई पुन्हा म्हणाली, "भाकरी." सगुणेची बोटं निळी पडली. कोंड्या हौसाबाईकडंच बघत होता.

"लाडू," हौसाबाई सगळ्यांदेखत रडत म्हणाली. "मनुकांचे. सकाळपासून दहा. तुझ्या दारात जाऊ नये म्हणून, सटवे!"

उरलेला चुरा तिनं पदरात आणून दाखवला. सगुणेनं तो हुंगला, "मनुका कुत्र्याला विष, त्याचं मूतच बंद पाडतात," म्हणाली, आणि तिचा हात चुलीसारखा तापला, असं म्हणतात. तीन दिवस तो हात तिनं उचलला नाही. कोंड्या पाणी मागत राहिला, हौसाबाई पोहरा ओढत राहिली, विहीर हातभर खाली गेली. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि हौसाबाईच्या धुण्याच्या दगडावर तंगडी वर करून भरभरून मुतला. तेव्हा सगुणा म्हणाली, "जगला!"

संध्याकाळी कोंड्या पुन्हा सगुणेच्याच उंबऱ्यावर जाऊन झोपला. हौसाबाईची आग काही विझली नाही. ती घोंगडी घेऊन तिथंच जाऊन बसली. "माझा कुत्रा आहे," म्हणाली. सगुणा जरा सरकली.

बोरखिंडीत अजूनही मनुकांचा डबा शिंक्यात उंच टांगतात आणि म्हणतात, "सगुणे, वर ठेवलंय गं." कुत्र्यानं काही भलतं खाल्लं, तर घशात काही न ओतता उरलेलं फडक्यात बांधतात आणि तडक तालुक्याला, जनावरांच्या डॉक्टरकडं नेतात. फडकं सोडताना मालकानं खरं सांगायचं, मग कितीही लाज वाटो. सांगेपर्यंत त्याच्या पाठीवर गार हात फिरतो, असं म्हणतात.