चौथ्या आचळाची कहाणी

ऐक गाईमाते, ऐक तिच्या वासरा, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं, नगराच्या वेशीबाहेर गवळवाडी होती. वाडीतल्या बाया पहाटे उठत, शेण काढीत, वैरण घालीत, धारा काढीत. दूध मात्र पुरुष नेत, आणि व्यापारी म्हणेल त्या मापानं घालून येत. ज्या हातांनी धार काढली, त्या हातांना शेणाचा वास तेवढा राही.

त्या वाडीत एक मुलगी होती. तिचं नाव हौसा. ती सातासमुद्रापार शिकायला गेली, पुष्कळ शिकली, आणि परत आली. वाडी बघायला जमली. बाया म्हणाल्या, "हौसे, एवढ्या लांबून काय आणलंस?" हौसेनं एक किटली पुढं केली. एक काकी म्हणाली, "अगं, ही तर आपल्या बाजारात मिळते. हिच्यासाठी विमानात कशाला बसलीस?" सगळ्या हसल्या. हौसाही हसली. मग म्हणाली, "किटली तीच आहे, काकी. हिच्यावर नाव बाईचं घालायचं. आपण आपली दूधसंस्था काढू. आपलं दूध आपण मोजू, आपण विकू."

बाया उठून घरी गेल्या. एक तेवढी राहिली. तिचं नाव ठकूमावशी. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, मोरी नावाची एक गाय होती. ती म्हणाली, "मी येते. पण माझा एक वसा आहे, तो तुझ्या संस्थेनं घ्यावा."

"कसला वसा, मावशी?"

"तीन आचळं आपली, चौथं वासराचं. किटली भरली तरी सोडावं, किटली रिती राहिली तरी सोडावं. वासरू प्यालं, की मग आपण उठावं. अडचणीत मोडू नये, भरभराटीत विसरू नये."

हौसेनं ओंजळीत दूध घेतलं आणि शब्द दिला.

मग काय झालं? पहिल्या वर्षी तीन बाया आल्या. दुसऱ्या वर्षी तीस आल्या. तिसऱ्या वर्षी तीनशे झाल्या. दूध गार ठेवणारी मोठी टाकी आली. बाया खुर्चीवर बसून सभा घेऊ लागल्या, पोरी सायकलीवर शाळेत जाऊ लागल्या. नवरे दारात थांबून विचारू लागले, "आज सभा किती वेळ चालेल?" गोठ्यागोठ्यात चौथं आचळ सुटत होतं, वासरं उड्या मारत होती.

पुढं नगरातून मोठी मागणी आली. मोठा टँकर येणार, पण टाकी काठोकाठ भरलेली हवी. अर्धी असली तर टँकर माघारी जाणार. डोंगरापल्याडच्या पाड्यातल्या चाळीस बाया केव्हापासून हौसेच्या दारात येत होत्या. म्हणत होत्या, "ताई, आम्हालाही घ्या." डोंगरावरून त्यांचं दूध आणायला गाडी हवी होती; टँकर आला, तरच गाडीचे पैसे येणार होते आणि त्यांना घेता येणार होतं.

हौसा रोज टाकीत डोकावी. टाकी वीतभर उणी राही. हौसेच्या मनात आलं, हे चौथं आचळ घेतलं, की वीत भरते, आणि चाळीस घरं उभी राहतात. वासरांना भुकटीचं दूध देऊ, मी शिकले त्या देशात तसंच देतात. लोभ म्हणून नव्हे, तिनं दया म्हणून वसा टाकला.

ठकूमावशी म्हणाली, "हौसे, वासराला आईचं दूध ओळखता येतं गं." हौसा म्हणाली, "मावशी, थोडे दिवस. टँकर सुरू होऊ दे." मावशी गोठ्यात गेली. तिनं चौथं आचळ पिळलं.

टाकी भरली. टँकर आला. पाड्यातल्या बाया नाव नोंदवून गेल्या. हौसेला बोलावणी आली, ती सत्काराला जाऊ लागली.

इकडं वासरं हगवणीनं बसू लागली. पहिल्या दिवशी मावशी डेअरीत आली. "हौसे, मोरीचं वासरू उठत नाही." हौसा निघायच्या घाईत होती. म्हणाली, "उद्या डॉक्टरांना पाठवते, मावशी." दुसऱ्या दिवशी मावशी आली. "हौसे, वासरू मान टाकतं." हौसा म्हणाली, "डॉक्टर पल्याडच्या पाड्यावर आहेत, उद्या नक्की." तिसऱ्या दिवशी मावशी आली. किटली मापाला ठेवली. काठोकाठ भरलेली होती. हौसेनं शाबासकी द्यायला वर पाहिलं, आणि तिला कळलं, वासरू गेलं.

वासरू दिसेना, तशी मोरीनं पान्हा चोरला. मग रीतीप्रमाणं वासराच्या कातड्यात पेंढा भरला, चार काठ्यांवर उभं केलं आणि तिच्यापुढं ठेवलं. मोरी चाटू लागली. चाटता चाटता पान्हा सोडू लागली. एक दिवस चाटलं, दोन दिवस चाटलं, पंधरा दिवस चाटलं. केस झिजले, शिवण उसवली, पेंढा बाहेर आला. मोरीनं तो हुंगला, आणि खाल्ला. मग मान फिरवली. त्या दिवसापासून ती आटली.

हौसा गोठ्याच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "मावशी, मला बोला. शिव्या द्या."

मावशी म्हणाली, "तुला कशाला बोलू? तू मला चार माणसांत बसवलंस. आचळ तर माझ्याच हातानं पिळलं. पण हिला काय सांगू, ते तेवढं सांग."

हौसा रडली. म्हणाली, "याला उपाय काय?"

"गेलेल्याला उपाय नाही, बाई. राहिलेल्यांसाठी वसा आहे."

मग हौसेनं काय केलं? गोठ्यागोठ्यात गेली. प्रत्येक बाईला स्वतःची चूक सांगितली, प्रत्येक वासरू चौथ्या आचळाला लावलं, ते पिईपर्यंत खाली बसून राहिली. टाकी वीतभर उणी झाली. टँकर माघारी गेला, पुन्हा आला नाही. हौसा डोंगर चढून पाड्यावर गेली आणि चाळीस बायांना स्वतःच्या तोंडानं नाही म्हणाली. एक बाई म्हणाली, "आम्ही किटल्या घासून ठेवल्या होत्या, ताई." हौसा त्या घासलेल्या किटल्यांसमोरून डोंगर उतरली.

वसुबारस आली. बाया सजल्या, वासरासह गाई ओवाळू लागल्या. ज्या गाईला वासरू नाही, तिच्यापुढं कोण ताट नेणार? मोरी पुन्हा गाभण राहिली नव्हती. ती कोपऱ्यात उभी होती. हौसेनं ताट घेतलं, तिच्यापुढं गेली, कुंकू लावलं, हात पुढं धरला. मोरीनं हात हुंगला, आणि चाटू लागली. खरखरीत जिभेनं कातडं सोलवटलं. हौसेच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशी म्हणाली, "हात काढू नकोस. तिचं होऊ दे."

हौसेनं हात काढला नाही.

बायांनो, तुम्हीही काही उभं कराल, ते वाढेल. वाढेल तेव्हा चौथं आचळ सोडा. हौसेला उशिरा सुचलं ते तुम्हाला वेळेवर सुचो, मोरीनं भोगलं ते कुणाच्या गोठ्यात न येवो, वासरं तुमच्या दारी उड्या मारोत. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ती इथं संपूर्ण झाली. सुफळ व्हायची आहे, ती तुमच्या हातून होवो.