ओसाड शहराचा बिशप

"पण माझी माणसं कुठे आहेत, अब्बा?"

इस्तिफान नुकताच बिशप झाला होता. त्याच्या ख्रिस्ती पंथात एक जुनी रीत आहे. ज्या नव्या बिशपला स्वतःचा प्रांत नसतो, त्याला एखाद्या नाहीशा झालेल्या शहराचं नाव देतात. नावापुरता तो तिथला बिशप.

इस्तिफानच्या वाट्याला आलेलं शहर वाळवंटाच्या कडेला होतं. तो मोठ्या हौसेनं ते बघायला आला. दगड आणि काटेरी झुडपं, एवढंच उरलं होतं. तिथे एका झोपडीत अब्बा हानान हे म्हातारे साधू राहत. लहानपणी त्याला प्रार्थना त्यांनीच शिकवल्या होत्या.

"एकेकाळी इथे बिशप बाहेर पडले की रस्ता माणसांनी भरून जायचा," इस्तिफान म्हणाला.

"जायचा. मग नदीनं पात्र बदललं. माणसं नदीमागे गेली."

"आणि बिशप?"

"माणसांमागे. वेदीचा दगड गाढवावर लादला आणि निघाले."

इस्तिफान कडवट हसला. "आणि मला ही ओसाड गावची पाटीलकी! उद्याच कळवतो, हे पद मला नको."

"कळव. चहा मात्र घेऊन जा."

...

पडक्या चर्चच्या भिंतीमागून धूर वर येत होता.

"तिकडे कोण आहे?"

"मेंढपाळ. लढाईनं गावातून उठवलंय त्यांना. सून आज पहाटे बाळंत झाली."

"माझ्या चर्चमध्ये?"

चहा ओतता ओतता अब्बांनी वर पाहिलं. "तुझ्या? मघाशी तर नको होतं, बिशपस्वामी."

इस्तिफान ओशाळला. मग हळूच म्हणाला, "ख्रिस्ती आहेत का ते?"

"कुडकुडतायत."

...

अब्बांनी किटली उचलून त्याच्या हातात दिली. "झग्याच्या टोकानं धर. भाजेल."

नवा झगा होता. इस्तिफाननं त्याचं टोक किटलीच्या कडीला गुंडाळलं आणि तो दगडांतून वाट काढत निघाला. अब्बा काठी टेकत मागून आले.

चर्चला दार नव्हतंच. उंबरठ्याशी तो थबकला. आत बाळ रडत होतं.

"कोण आहे बाहेर?" एका म्हातारीचा घाबरा आवाज आला.

 इस्तिफाननं मागे वळून अब्बांकडे पाहिलं.

"सांग ना," अब्बा म्हणाले, "इथलाच आहे म्हणून."