वानूबाबाची टोपली

सावरटेपाला गाडीरस्ता नव्हता आणि वर घाटमाथ्यावर साहेबाचे बंगले नुकते कुठे उठत होते, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. इतकी, की सांगणारे बदलले, ऐकणारे बदलले, गोष्टीतली माणसं मात्र आहेत त्याच वयाची राहिली.

सावरटेप म्हणजे घाटाच्या खांद्यावर बसलेलं एकेचाळीस उंबऱ्यांचं गाव. श्रावण-भादव्यात तिथं असं धुकं उतरतं, की आपल्याच हातातला तांब्या आपल्याला दिसत नाही. अशाच एका पहाटे धाकूची नवी नवरी आवडा मडकं घेऊन झऱ्यावर निघाली.

ही आवडा दचकायची. पाल चुकचुकली की दचकायची, कोंबडा आरवला की दचकायची, नवऱ्याला शिंक आली तरी चुलीपुढून ताडकन उठून उभी राहायची. तिची सासू ठकू गावभर सांगे, "आमच्या सुनेला हाक मारायची तर आधी खाकरावं लागतं. आणि खाकरलं की ती दचकते. आता हाक मारायची तरी कशी, सांगा!"

तर त्या पहाटे झऱ्याच्या अलीकडच्या माळावर धुक्यात एक माणूस उभा होता. गुडघे जरासे वाकवलेले, दोन्ही हात पुढं, एखाद्या जाड बुंध्याला मिठी मारावी तसे. पण मिठीत झाड नव्हतं. नुसतं धुकं होतं. आवडानं किंकाळी फोडली आणि मडकं टाकलं.

माणूस हलला नाही. त्यानं श्वास सोडला, सावकाश, आणि झोपलेलं पोर खाली ठेवावं तसे हात खाली आणले. मग वळला. पांढरी विरळ दाढी, बारीक डोळे.

"मडकं फुटलं," तो म्हणाला. "तू नाही फुटलीस ना?"

आजवर आवडा दचकली की लोक हसत. हा हसला नाही. एवढ्यावरच तिची त्याच्यावर माया जडली, असं म्हणतात.

तोच वानूबाबा. खरं नाव आ-वान. समुद्रापलीकडच्या चीन मुलखातला. साहेबानं बंगल्यांच्या बागा करायला जे चिनी कैदी घाटमाथ्यावर आणले होते, त्यातला एक. गुन्हा काय केला होता? कुणी म्हणतं, गलबतं लुटली. कुणी म्हणतं, धाकट्या भावाचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला. गावाला दुसरं बरं वाटलं, म्हणून मग तेच खरं. शिक्षा सरली, बाकीचे आपापल्या वाटेनं गेले. हा मात्र एक कोयती, आल्याचा एक गड्डा आणि आजोबांकडून शिकलेलं वैद्यपण एवढं घेऊन घाट उतरला आणि माळाच्या कडेला खोपट घालून राहिला.

तो बागवान होता, म्हणून सगळं बागेच्या भाषेत सांगे. "अंगात पाट असतात. शेताला असतात तसे. त्यातनं ची वाहते." ची म्हणजे आपण प्राण म्हणतो तसंच काहीसं. "पाटात दगड अडकला की तिथं दुखतं. मी दगड काढतो. पाणी माझं नव्हे." पाठ धरली तर तो रानदवण्याची वाळली पानं चुरून त्याची सुरळी करी, पेटवी आणि कातडीला न लावता, बोटभर अंतरावर नुसती ऊब देत फिरवी. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघे, ती दोन्ही हातांची. आणि जीभ बघे. जीभ दाखवायला तर म्हाताऱ्यांची रांग लागायची. ठकूनंही दाखवली. बाबानं बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "ठकूबाई, हिला काही नको. गावात हिच्याइतकं निरोगी काही नाही." गाव आठ दिवस हसत होतं. ठकूही हसली, पण चार दिवस उशिरा.

आवडाला त्यानं निराळं शिकवलं. "तू दचकतेस, तेव्हा तुझा श्वास उधळतो. घार आली की पिल्लं उधळतात ना, तसा. पिल्लांना रागवायचं नाही, बोलवायचं. बेंबीखाली चार बोटांवर घर आहे. तिथं बोलव." आणि रोज पहाटे पाणी भरण्याआधी आवडा त्याच्याशेजारी उभी राहू लागली, धुक्याला मिठी मारून. दचकणं काही गेलं नाही. पण पिल्लं लवकर घरी यायला लागली.

आता टोपलीचं ऐका.

गावानं विचारलं, "बाबा, औषधाचं काय द्यायचं?"

"आजारी माणसाकडनं मी घेत नाही," बाबा म्हणाला. "तुम्ही धडधाकट असाल तेव्हा द्या. आजारी पडलात, म्हणजे माझं काम चुकलं. चुकलेल्याला कोण देतं?"

असला उफराटा वैद्य कुणी पाहिला नव्हता. बाबानं बांबूच्या कामट्यांच्या ओंजळीएवढ्या टोपल्या विणल्या, दर उंबऱ्याला एक टांगली. घरात सगळे बरे असतील, तर पहाटे टोपलीत मूठभर नाचणी घालायची. कुणी आजारी असलं, तर टोपली रिकामी. बाबा पहाटे फेरी मारी. भरली टोपली खांद्यावरच्या झोळीत उपडी करी, रिकामी दिसली की उंबरा चढून आत जाई. आणि झोळीतल्या नाचणीचं काय करी? आलं घालून मोठ्या मडक्यात पेज शिजवी आणि रिकाम्या टोपलीच्या घरी नेऊन देई. चाळीस घरांचं बरं असणं एका घराच्या पोटात जाई. स्वतःसाठी फक्त मडक्याच्या बुडाची खरवड.

चार वर्षं असं गोडीनं चाललं. पण माणसाचं मन बघा कसं असतं. ठकूच्या टोपलीनं त्या चार वर्षांत एकदाही तळ दाखवला नव्हता. ती झऱ्यावर म्हणायची, "आमच्या घराला दुखणं ठाऊकच नाही बाई." बाकीच्या बायकांना ते लागायचं. टोपली रिकामी दिसली की कुजबुज व्हायची, "पुन्हा? त्यांच्याकडं सारखंच काहीतरी." मग एका घरानं पोराच्या खोकल्यात गपचूप मूठ घातली. मग दुसऱ्यानं. होता होता एकेचाळीस टोपल्या रोज भरायला लागल्या आणि बंद दारांमागं गाव खोकू लागलं. बाबा फेरीत थांबे, कान देई. पण टोपली भरलेली असताना आत शिरायचं नाही, हा त्याचाच नेम. झोळी तेवढी जड होत गेली.

त्या भादव्यात धुकं आलं ते उठेचना. नऊ दिवस गावानं सूर्य पाहिला नाही. आणि ठकूच्या छातीत कफ भरला.

पहिल्या पहाटे ठकू अंथरुणातूनच म्हणाली, "मूठ घाल गं."

"आत्याबाई, तुम्हाला ताप आहे."

"मूठ घाल म्हणते ना! टोपली रिकामी दिसली तर झऱ्यावर तोंड कुठं दाखवू? ठकूचं घर बसलं म्हणतील."

आवडानं मूठ घातली. धाकू कणसं राखायला खालच्या रानात होता, विचारावं असं कुणी नव्हतं. दुसऱ्या पहाटेही घातली. तिसऱ्या पहाटे ठकूचा श्वास फाटक्या भात्यासारखा वाजत होता आणि ओठ जांभळासारखे काळे पडले होते. आवडानं कणगीत हात घातला आणि तिला कळलं, की ही मूठ टोपलीत पडली तर उद्या सासू नसेल.

ती उंबऱ्यावर उभी राहिली. गुडघे जरा वाकवले. पिल्लांना बोलावलं. आणि मूठ परत कणगीत सोडून तिनं टोपली उपडी करून टांगली.

आतनं ठकूचा आवाज आला. "दाणे पडल्याचा आवाज नाही आला."

"नाही आला, आत्याबाई. मी घातलेच नाहीत."

"काय म्हणालीस?"

आवडा दचकली. पण मागं सरली नाही. "टोपली उपडी केलीय. बाबा येईस्तोवर पडून राहा. मग हव्या तेवढ्या शिव्या द्या."

बाबा आलाच नाही. कोंबडे आरवून गप्प झाले, धुकं उजळलं, तरी गल्लीत पाऊल वाजेना. तेव्हा आवडा चाचपडत माळावर गेली. खोपटाच्या दारालाही एक टोपली होती, बाबाची स्वतःची. ती कुणी कधी बघितलीच नव्हती. आवडानं हात घातला. टोपली रिकामी होती, आणि आत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

बाबा चटईवर पडला होता. अंग तव्यासारखं.

"बाबा, सांगायचं तरी!"

"टोपली सांगत होती," बाबा म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून तिला जास्त रडू आलं. त्यानं मनगट पुढं केलं. "तीन बोटं ठेव. काय लागतं?"

"काहीतरी पळतंय. भ्यालेलं पिल्लू पळतं तसं."

"तो ताप. त्याच्या खाली?"

आवडानं डोळे मिटले. "खाली... खाली हळू चाललंय. पाटातलं पाणी."

"म्हणजे मी मरत नाही. सासूकडं जा. मग घरोघर."

"मला नाही जमणार, बाबा. मी दचकते."

"म्हणून तर जमेल. तुझी बोटंही दचकतात. इतरांच्या बोटांना जे कळत नाही, ते तुझ्या बोटांना चाटून जातं."

मग ती निघाली. जी बाई मोठ्यानं हाक मारत नव्हती, ती दारोदार थांबून टोपल्या पदरात ओतत ओरडू लागली, "खरं बोला! आत कोण खोकतंय? बाबाची टोपली रिकामी आहे, आता तरी खरं बोला!" आणि ती ज्या दाराशी उभी राही, तिथलं धुकं खळ्याएवढं गोल बाजूला सरके, असं म्हणतात. लपवायला आडोसाच उरला नाही, तेव्हा लोकांनी दारं उघडली. एकेक टोपली उपडी होत गेली. जी चार-पाच घरं खरीच धडधाकट होती, त्यांनी देवळातलं मोठं पातेलं बाहेर काढलं, आलं ठेचलं, पेज चढवली. पहिला वाडगा बाबाला गेला. दुसरा ठकूला.

आवडा घरोघर नाडी बघत फिरली. रानदवण्याचा वास गावावर सात दिवस होता. त्या भादव्यात सावरटेपातली एकही चूल विझली नाही, असं म्हणतात. सातव्या दिवशी ठकू उठून बसली आणि सुनेला म्हणाली, "पेजेत मीठ कमी होतं." आवडा इतकी आनंदली, की दचकायचं विसरली.

वानूबाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. तो कसा गेला, हे कुणी पाहिलं नाही. एका पहाटे तो माळावर धुक्याला मिठी मारून उभा होता. आवडा घागर ठेवून शेजारी उभी राहायला गेली, तर धुक्यात एक गोल मोकळी जागा होती आणि ओल्या गवतावर दोन पावलं उमटलेली होती. मिठी होती, बाबा नव्हता, असं ती सांगायची. ती जागा अजून आहे. भादव्यात सगळा माळ पांढरा होतो, तेवढं खळ्याएवढं गवत मात्र हिरवंच दिसतं.

सावरटेपाला आता रस्ता आहे, दवाखाना आहे. तरी दर उंबऱ्याला बांबूची टोपली आहे, आणि माळावरच्या त्या मोकळ्या जागेत खुंटाला आणखी एक, बाबाची. पहाटे जो कुणी पहिला उठतो, तो आधी ती बघतो, आपली मूठ तिच्यात घालतो आणि मगच घरी वळतो. गल्लीत एखादी टोपली उपडी दिसली, तर त्या घराला कुणी काय झालं म्हणून विचारत नाही. ऊन दारात येण्याआधी शेजारचं कुणीतरी वाडग्यात पेज घेऊन उंबऱ्याशी उभं असतं.

आणि गावात एखादी नवी सून फार दचकायला लागली, तर तिला कुणी हसत नाही. म्हाताऱ्या तिचा हात हातात घेतात, आपलं मनगट तिच्या बोटांखाली ठेवतात आणि विचारतात, "सांग बघू पोरी, काय लागतं?"