वरच्या वाडीचं शिंग

“पण बुवा, चाचणीच्या पाच महिन्यांत एकदाही बंद पडलं नाही. आणखी काय पाहिजे?”

पुष्करचा हा प्रश्न सकाळपासून चौथ्यांदा झाला. पुराचा इशारा देणारं सॉफ्टवेअर त्याने एकट्याने लिहिलं होतं. उद्या तालुक्याचे साहेब येऊन ते सुरू करणार होते. पण नदीकाठच्या तीन गावांचा एकच हेका: मठातले दाजीबुवा सांगतील तेव्हाच शिंग बंद.

शिंगाची रीत जुनी. पावसाळाभर वरच्या वाडीतला राखणदार नदी बघून तासातासाला शिंग फुंकायचा. म्हणजे पाणी बेतात आहे. शिंग चुकलं, की खालचे लोक गुरं सोडून टेकडी गाठायचे.

पुष्करला या कारभाराचं हसू यायचं.

मठाच्या ओसरीवर त्याने स्क्रीन लावला होता. त्यावर आकडा होता, चार मीटर वीस.

“ही वायर कुठली?” बुवांनी विचारलं.

“नदीतून आलीय. पाणी किती चढलं ते तीच सांगते.”

बुवांनी हात लांबवला आणि वायर उपटली.

पुष्कर ताडकन पुढे झाला, पण स्क्रीनवर चार मीटर वीस तसंच होतं.

“बघा,” तो हुश्श करत म्हणाला, “संपर्क तुटला तरी शेवटचा आकडा राहतो. लोकांनी उगाच घाबरू नये म्हणून मीच तशी सोय केलीय.”

“बरं. आत्ता पाणी किती आहे?”

“चार...”

पुष्कर थांबला.

त्याने वायरकडे हात नेला. ती बुवांच्या मुठीत होती.

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. शिंग दोनला वाजायला हवं होतं. तो उठला, बसला, पुन्हा उठला. ओसरीवरून नदी दिसत नव्हती. आकडा मात्र ढिम्म. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या कामाचा राग आला.

बुवा डोळे मिटून बसले होते.

...

लांबून शिंग वाजलं.

“आलं,” पुष्कर पुटपुटला आणि खाली बसला.

बुवांनी वायर त्याच्या हातात दिली.

“बुवा, मग आता काय करू?”

“बोलायला छान शिकवलंस रे त्याला. आता गप्प बसायला शिकव.”