गंगूनं लपवलेला पट्टा

मांजरं अजून माणसांशी बोलत होती, त्या काळची गोष्ट. धोंडजी कुंभाराकडे गंगू नावाची मांजर होती आणि भिंगऱ्या नावाचा तरणाबांड कुत्रा. रोज पहाटे भिंगऱ्याला पट्टा बांधून धोंडजी दोन कोसांवरच्या नदीवर माती आणायला जाई. गंगू चुलीपाशी बसून जळफळे. "मला नुसती दुधाची वाटी, आणि या दांडगोबाला धन्याची सोबत!"

एक दिवस तिनं पट्टा ओढत नेला आणि भट्टीच्या राखेत पुरून टाकला. पट्ट्याविना भिंगऱ्या आवरायचा नाही, म्हणून धोंडजी एकटाच गेला. गंगू मिशीत हसली.

पण भिंगऱ्याच्या पायांत साठलेलं धावणं अंगणात बाहेर पडलं. त्यानं ओली मडकी तुडवली, वाळत घातलेलं धोतर फाडलं आणि मग तो गंगूच्या मागे लागला. "चल गं गंगूताई, पळ की!" चार दिवस गंगू शेवग्याच्या फांदीवर बसून होती. खाली तिची वाटी भिंगऱ्या चाटूनपुसून लख्ख करत होता. शेवटी धोंडजी वैतागून म्हणाला, "उद्यापासून याला घरातच कोंडतो, चुलीपाशी."

दुसऱ्या दिवशी पहाटे धोंडजीच्या पायाशी पट्टा येऊन पडला. शेजारी गंगू उभी होती, मिशांपर्यंत राखेनं माखलेली.

"सापडला बाई एकदाचा!" ती म्हणाली.

भिंगऱ्या आनंदानं तिला चाटू लागला. "गंगूताई, माझी काळजी तुलाच गं!"

गंगूनं अंग झटकलं. "धनी, आज त्याला नदीपलीकडची टेकडीही दाखवा. आणि परतायची घाई करू नका."