केतुराबाईचा गाळाचा दोर

डोंगराच्या पोटाशी मोरदरे नावाचं गाव होतं. गाव लहान, पण त्याचं भाग्य केवढं! ख्रिस्तशरण महाराजांनी आयुष्याची शेवटची अकरा वर्षं या गावात काढली. गावातल्या ख्रिस्ती मंडळींचं पत्र्याचं छप्पर असलेलं एक देऊळ होतं, वर लाकडी क्रूस. त्याच्या मागे कुडाच्या खोलीत महाराज राहत. अंगात जाडीभरडी बंडी, खांद्यावर पंचा आणि ओठांवर प्रभू येशूचं नाव. पाटलापासून गुराख्यापर्यंत सगळे त्यांना महाराज म्हणत. "अरे, मी कसला महाराज?" असं ते म्हणायचे, पण ऐकतो कोण!

इथली ख्रिस्ती घरं दोर वळणारी. बांधावरचं घायपात कापायचं, त्याची पानं ओढ्याच्या डोहात दगडाखाली कुजत घालायची, पुरती कुजली की बडवून धुवायची आणि उरलेल्या पांढऱ्या वाखाचा दोर वळायचा. मोटेचा नाडा असो की बैलाचं दावं, मोरदऱ्याचा दोर म्हटला की गिऱ्हाईक तो ओढूनसुद्धा बघत नसे. आणि त्यातही अशेरचा दोर म्हणजे काय विचारता!

हा अशेर हाताचा कसबी होता आणि गळ्याचाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी उपासना अशेरच चालवायचा. त्याची प्रार्थना सुरू झाली की आधी आकाश, मग पृथ्वी, मग समुद्र, मग जगातले राजे. बायकांच्या मांडीवरची लेकरं झोपून उठायची, तरी अशेर अजून समुद्रावरच असायचा. शेवटी मंडळींनी मोठ्यानं "आमेन" म्हटलं की त्याची छाती हातभर फुगायची.

असं सगळं झकास चाललं होतं. मग महाराज गावात आले आणि अशेरच्या पोटात दुखू लागलं.

कारण काय, तर समोरची केतुराबाई. पन्नाशीची विधवा बाई, अंगानं काटकुळी. नवरा वारल्यावर तिच्या दोराची फिरकी फिरवायला कुणी उरलं नव्हतं. दोर वळायला दोन माणसं लागतात, एकानं टोकाशी फिरकी फिरवायची आणि दुसऱ्यानं वाख सोडत मागे मागे जायचं. महाराजांना हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे ते तिच्या अंगणात जाऊन फिरकी धरून बसले. मग तो रोजचा परिपाठच झाला. महाराज फिरकी फिरवतात, केतुराबाई काहीतरी पुटपुटत पावलापावलानं मागे सरकते, आणि काम झालं की तिच्या गोणपाटावर बसून महाराज तिचा बिनदुधाचा चहा पितात.

अशेर आपल्या ओट्यावरून हे रोज बघायचा. माझ्या ओट्यावर घोंगडी अंथरलेली असते, माझ्याकडे म्हशीचं दूध आहे, आणि महाराज तिथं गोणपाटावर! त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

केतुराबाईला चारचौघांत प्रार्थना यायचीच नाही. एकदा तिला देवळात उभं केलं तर "प्रभू, तुला समदं ठावं हाय" एवढं बोलून ती मटकन खाली बसली. अशेर मोठ्यानं म्हणाला, "प्रभूला ठावं हाय बाई, पण आम्हाला कळू दे की!" सगळं देऊळ हसलं. केतुराबाईनं पदर तोंडाला लावला. पुढे मात्र नवल झालं. कुणाचं लेकरू तापलं की बाया तिच्या दारात. गेनबा पाटलांची गाय अडली, तर पाटलीणबाईंनी निरोप धाडला तो केतुराबाईला. "जरा प्रार्थना कर गं बाई." आणि हो, गाय मोकळी झाली!

त्या दिवशी अशेर जेवला नाही. बायको प्रिस्का म्हणाली, "अहो, गाय पाटलांची, वासरू पाटलांचं. तुमच्या घशाखाली घास का उतरेना?"

"तू गप बस," तो खेकसला. "त्या बाईला धड चार शब्द जुळवता येत नाहीत, आणि लोक माझं दार सोडून तिच्याकडे जातात!"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे अशेरही प्रार्थनेला बसला. आपल्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, समोरच्या अंगणात नीट ऐकू जाईल अशा आवाजात. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी महाराज जाता जाता थांबले, त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार! महाराज म्हणाले, "अशेर, घसा बसेल हो बाबा. ज्येष्ठमध चघळ."

अशेरला ते फार झोंबलं. तो रागानं म्हणाला, "महाराज, खरं सांगा. माझ्या प्रार्थनेत काय कमी आहे? ती बाई तुम्हाला माझ्यापेक्षा का प्यारी?"

महाराज ओट्याच्या पायरीवर टेकले. हळुवारपणे म्हणाले, "प्रार्थना करताना तुझे डोळे मिटलेले असतात रे, पण कान उघडे असतात. आमेन कोण म्हणतंय, किती मोठ्यानं म्हणतंय, यावर तुझं लक्ष. आता मला सांग, रविवारी पंगतीत बसून जेवलास म्हणजे आठवडाभर भूक लागत नाही का?"

"लागते की."

"मग घरी रोज जेवतोस ना? कुणी बघत नसलं तरी? प्रार्थना तशी आहे बाळा. ती अन्नासारखी रोज पोटात जायला हवी. वेळ येईल तेव्हा तीच अंगात ताकद होऊन उभी राहते. पंगतीतल्या पात्रावर ते भागत नाही."

किती साधं बोलणं! पण मत्सरानं कान भरलेले असले की साधं बोलणंही टोमण्यासारखं लागतं. अशेरच्या मनात एकच बसलं, की महाराज त्या बाईच्या बाजूचे.

असं करता करता वैशाख आला. गावाच्या आडाचं पाणी तळाला गेलं. आड म्हणजे पायऱ्या नसलेली विहीर, बारा पुरुष, म्हणजे बारा माणसांच्या उंचीएवढी खोल. दर दोन वर्षांनी माणसं आत सोडून त्यातला गाळ काढत. त्यासाठी दोन नवे दोर लागायचे, एक माणसाचा आणि एक गाळाची पाटी ओढायचा. माणसाचा दोर ज्याचा, त्याला पाटील आडाच्या काठावर सगळ्या गावादेखत मुंडासं बांधायचे. मात्र त्याबरोबर एक जुनी रीतही होती. माणसाचा दोर वळणाऱ्यानं आपल्या दोरावर स्वतः पहिल्यांदा उतरायचं, मगच बाकीच्यांनी. आजवर हा मान अशेरचाच होता.

त्या वर्षी मात्र पाटील चावडीवर बोलून गेले, "या खेपेला केतुराबाईचा दोर घ्यावा म्हणतो. महाराजांचा हात लागलाय त्याला."

झालं! अशेरच्या काळजाला आग लागली. "आणि पहिल्यांदा उतरणार कोण? ती म्हातारी?" तो ओरडला. रीत ती रीत, पाटलांना मान डोलवावी लागली. माणसाचा दोर अशेरचा, गाळाचा केतुराबाईचा असं ठरलं. पण अशेरचं तेवढ्यानं कुठं समाधान व्हायला! तिचा दोर लोकांच्या नजरेतसुद्धा भरता कामा नये, म्हणून त्यानं एका दिवसात बांधावरचं सगळं चांगलं घायपात कापून आणलं. केतुराबाईच्या वाट्याला बुडखे आणि आखूड पानं तेवढी उरली. तिनं कुणाकडे तक्रार केली नाही. त्या आखूड वाखाचे तुकडे जोडत जोडत तिनं अंगठ्याएवढा बारीक दोर वळायला घेतला.

तिचा दोर अर्धा झालेला दिसला मात्र, अशेरला धीर निघेना. पानं डोहात पुरती कुजायला अजून सहा दिवस हवे होते. त्यानं ती आधीच वर काढली. प्रिस्का म्हणाली, "अहो, गर अजून हिरवा आहे. आतल्या आत कुजेल तो. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता!"

"वरून जुना पांढरा वाख घालतो. कुणाला कळतंय?"

आयुष्यभर ज्या चुकीबद्दल दुसऱ्यांना बोल लावला, तीच चूक त्यानं स्वतःच्या हातानं केली. दोर मात्र असा देखणा झाला म्हणता, मनगटाएवढा जाड आणि पांढराशुभ्र.

गाळाच्या दिवशी सगळं गाव आडाभोवती जमलं. पाटलांनी अशेरला मुंडासं बांधलं. महाराजांनी दोर हातात घेतला, नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "अशेर, याला वास येतोय. उतरू नकोस बाळा. मी हात जोडतो."

महाराजांनी हात जोडले, तरी तो ऐकेना! म्हणाला, "तिच्या दोराला अत्तराचा वास येत असेल, महाराज. माझ्याच दोराला तुमचं नाक लागतं!" काही लोक हसले. हसू ऐकून त्याला हुरूप आला आणि कमरेला दोर बांधून तो आत उतरला. सहा जण त्याचा दोर हळूहळू सोडू लागले. शेजारच्या कप्पीवरून केतुराबाईचा दोर रिकामी पाटी घेऊन खाली गेला होता. त्याचं वरचं टोक काठावरच्या दगडी खांबाला बांधलेलं होतं.

सात पुरुष खाली गेल्यावर अशेरच्या डोक्यावर कट् असा आवाज झाला. तो आवाज दोरवाल्याच्या कानाला बरोबर कळतो. तीन पेडांच्या दोरातला एक पेड गेला होता. "ओढा! वर ओढा!" तो किंचाळला. वरच्यांनी हिसका दिला आणि दुसरा पेड गेला.

त्यानं वर पाहिलं. ताटाएवढं आभाळ. तोंडातून नेहमीची प्रार्थना काढायला गेला, "हे आकाश आणि पृथ्वीच्या..." आणि पुढचा शब्दच येईना! एवढी वर्षं ज्या शब्दांवर गाव डोलत होतं, त्यातला एकही शब्द जवळ थांबला नाही. ऐकायला कुणी नव्हतं ना! आपण आजवर देवाशी एकदाही एकट्यानं बोललो नाही, हे त्याला त्या अंधारात लटकताना कळलं. तो लहान मुलासारखा रडला. "प्रभू!" एवढंच बोलला, आणि तिसरा पेड तुटला.

पडता पडता हाताला केतुराबाईचा दोर लागला. अशेरनं दोन्ही हातांनी तो घट्ट धरला. दगडी खांबाला कचकन ताण बसला, दोर कप्पीवरून निसटून काठाच्या दगडावर घासू लागला, पण अशेर थांबला! त्या बारीक, जोडाजोडाच्या दोरावर अख्खा माणूस लोंबकळत थांबला!

वर एकच गलबला झाला. त्या गलबल्यातून एक आवाज अशेरच्या कानी आला. केतुराबाई आडात वाकून बोलत होती. पुटपुटत नव्हती, चांगली मोठ्यानं बोलत होती, "प्रभू, अशेरला सांभाळ. त्याच्या प्रिस्काला सांभाळ. प्रभू, अशेरला सांभाळ." तिचा सूर इतका सवयीचा होता, की हे नाव तिच्या तोंडी आज पहिल्यांदा आलेलं नाही हे त्याला लगेच कळलं. भीतीपेक्षा त्यानंच त्याला जास्त हुंदका आला.

महाराजांनी दोर धरला, पाटलांनी धरला, आठ-दहा जण धावले. हातभर हातभर ओढत त्यांनी अशेरला वर घेतलं. काठावर आला तेव्हा त्याचे तळवे सोलून निघाले होते. पाटलांनी दोर पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काठावर घासून त्याचे दोन पेड केव्हाच तुटले होते. माणूस वर आला होता तो एका पेडावर, करंगळीहून बारीक! पाटलांनी आडात लोंबणारी रिकामी पाटी नुसती उचलायला दोर ओढला, तर तो पेड तटकन तुटला आणि पाटी आडात जाऊन पडली.

अशेर सरपटत महाराजांच्या पायाशी गेला. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया कशाला पडतोस? मी आपली फिरकी फिरवत होतो. दोर तिचा आणि कृपा प्रभूची. ती मागे सरकताना काय पुटपुटते, ठाऊक आहे? हातभर दोर झाला की एका माणसाचं नाव घेऊन प्रभूला हाक मारते. असं रोज सगळं गाव घेते. आणि रोज पहाटे पहिलं नाव कुणाचं असतं? तुझं. तू देवळात तिला हसलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"का गं बाई?" अशेरच्या तोंडून कसंबसं निघालं. "मी तर तुझं घायपातसुद्धा पळवलं."

केतुराबाई गोंधळली. पदर सावरत म्हणाली, "तुमचा लई राग येत व्हता, भाऊ. राग घेऊन दोर वळला की पीळ वाकडा बसतो. म्हनून आधी तुमचं नाव घ्यायची. चार दिसांनी राग गेला, पण सवय काही गेली न्हाई."

अशेरनं डोक्यावरचं मुंडासं काढून तिच्या पायांवर ठेवलं आणि सगळ्या गावादेखत कपाळ जमिनीला टेकवलं. "अगं बाई, उठा भाऊ, उठा!" म्हणत ती मागे मागे सरली. महाराजांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आता प्रार्थना कर," ते म्हणाले.

मंडळींनी डोळे मिटले. आता आकाश येईल, पृथ्वी येईल, म्हणून सगळे पाय रोवून उभे राहिले. अशेर तसाच मातीत गुडघे टेकून होता. खूप वेळानं त्याचा आवाज आला, घोगरा, कुजबुजल्यासारखा.

"प्रभू, मी हिच्यावर जळत होतो. उद्या सकाळी परत जळेन. तेव्हाही ये."

पुढे त्याला काही सुचलं नाही, आणि त्यानं शोधलंही नाही. मागे उभ्या असलेल्यांना तर एक शब्दही ऐकू गेला नव्हता. आमेन म्हणाली ती एकटी केतुराबाई.